हरभऱ्याची दोन मडकी

दगडोबाने मडक्याला कान लावला. आत बारीक कुरकुर चालली होती. शेजारच्या मडक्याला लावला. तिथे काहीच नव्हते.

"ऐकून काय कळतंय मामा? सरका," शेजारची गंगम्मा म्हणाली.

बियाण्याचे मडके बाईने लिंपायचे आणि बाईनेच उघडायचे, अशी गावाची रीत. ही दोन्ही दगडोबाच्या बायकोने, नागाबाईने, होळीनंतर राख घालून, शेणामातीने लिंपली होती. वैशाखात ती वारली. आता घट बसले होते, रान वाफशावर, पेरणीजोग्या ओलीवर आले होते आणि दगडोबाच्या घरात बाई नव्हती.

एका मडक्यात बसवंताचा हरभरा होता. मुलगा नांदेडच्या गिरणीत. मागे आला तेव्हा धर्माबादहून हे बी घेऊन आला, टपोरे, गुळगुळीत. पुढे निजामाच्या शाळेत शिकलेल्या उर्दूतले त्याचे पत्र पटवाऱ्याने वाचून दाखवले होते. पेरायला मी येतो, बी राखा. दुसऱ्या मडक्यात नागाबाईच्या माहेरचा हरभरा, बारका, काळपट, अंगाने खरखरीत. बसवंत हसायचा, "आई, हे हरभरे हायेत का खडे?"

"आधी बसवंताचं उघड बाई."

गंगम्माने लिंपण खरवडले. फडके काढताच किडीचे बारके भुंगे तिच्या मनगटावर चढले. सुपात दाण्यांपेक्षा पीठच जास्त पडले. दाण्यादाण्याला गोल भोक. काहींवर अजून खसखशीएवढी पांढरी अंडी चिकटलेली.

दुसऱ्या मडक्यातली राख तिने पाखडली. दाणे होते तसेच होते. दगडोबाने एक दाताखाली धरला. फुटेना.

"राख तीच, हात तोच, कोपरा तोच. मग?"

"गुळगुळीतावर अंडं बसतं. ह्याच्यावर धरत न्हाई. धरलंच तर साल लई जाड. नागाक्काला ठाव होतं."

"मला बोलली न्हाई कधी."

"लेकानं आणलेलं. कसं बोलंल?"

दगडोबाने सुपातले पीठ बोटाने चाळवले.

"उद्या हेच पेरा," गंगम्मा म्हणाली. "रान वाळून राहिलंय."

"दोन दिस बघतो वाट."

"नागपंचमीला बी येतो म्हणला होता त्यो, आला का? वाफसा थांबतोय व्हय?"

"तिफणीच्या चाड्यावर मूठ कोण धरंल? बसवंताची आई धरायची."

"मी येते."

दगडोबाने धोतराच्या सोग्यात बारका हरभरा ओतून घेतला. गंगम्माने किडक्या दाण्यांचे सूप उचलले. "हे कोंबड्यांना टाकते."

"राहू दे. त्यो आल्यावर इचारील."

किडका हरभरा गंगम्माने पुन्हा मडक्यात भरला, तोंडाला फडके बांधले आणि गेली.

दगडोबाने ते मडके कोपऱ्यात ठेवले नाही. अंथरुणाच्या उशाशी ठेवले. घरात तेवढाच आवाज होता.