सहा फुटांची लेक

धम्मशीला व्यावसायिक बास्केटबॉल संघात निवडली गेली होती आणि तिची मुलाखत मोबाइलवर सुरू होती. इकडे सोनाळ्याच्या घरात ती बघताना तिच्या आईला, बनाबाईला, एका जागी बसवत नव्हतं. सहा फुटांची ही पोरगी कोण पदरात घेणार, या घोरापायी तिनं चार वर्षं लेकीला चेंडूला हात लावू दिला नव्हता. आता पोरगी ते सगळ्या जगाला सांगते की काय, हीच धास्ती.

"बस ना वं खाली. काऊन येरझारा घालून राह्यली?" तिचा नवरा शंकरराव म्हणाले.

"तुमाले काय जाते बोलाले. लग्नाची घाई मीच केली होती न."

तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "बचाव करताना तुम्ही अख्खा सामना गुडघ्यात वाकून खेळता, तेही पाठ ताठ ठेवून. बाकीच्या मुली दहा मिनिटांत थकतात. हे कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलं?"

धम्मशीला हसली.



"मायनं. बघायला आलेल्या पाहुण्यांना उंची कळू नये, म्हणून साडीच्या आत गुडघे वाकवून चहा न्यायला लावायची. अठरा स्थळं झाली."