इरावतीकाठचा विजय

"'हात वर!' असं आमचे आबा गरजले, अन् समोरच्यानं बंदूकच टाकली!" रामभाऊंनी माईकवर आवाज चढवला. सोनाळ्याच्या चौकात टाळ्या पडल्या. शंभरी ओलांडलेले त्यांचे आजोबा उकंडराव खुर्चीत, हारांच्या ओझ्याखाली डुलक्या काढत होते. आज चौकाला त्यांचं नाव लागणार होतं.

शेजारी उभ्या योगिनीला त्या टाळ्या नकोशा झाल्या होत्या. बापाच्या भाषणातला 'समोरचा' म्हणजे याच गावचा नथ्थूजी. आणि तिला लग्न करायचं होतं ते नथ्थूजीच्या पणतूशी, जीवनशी.

पंचेचाळीस साली महायुद्ध संपत आलं होतं. ब्रह्मदेशात जपान्यांची माघार चालली होती. उकंडराव इंग्रजांच्या पलटणीत, नथ्थूजी आझाद हिंद सेनेत. इरावतीच्या काठावर उकंडरावांनी नथ्थूजीला कैद करून आणलं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. बाकीची फोडणी रामभाऊंची. दरवर्षी ती वाढे. यंदा नथ्थूजीच्या मागे एक रणगाडाही आला होता. जीवनच्या घरचेही काही कमी नव्हते. त्यांच्या गोष्टीत नथ्थूजीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि उकंडरावांनी गोऱ्याच्या बिल्ल्यासाठी पाठीमागून झडप घातली होती. खुद्द ते दोघे मात्र नथ्थूजी जाईपर्यंत एकाच पारावर तंबाखू चोळत बसले. त्यांना कधी कुणी विचारलं नाही. गोष्ट सगळ्या गावाला पाठ असताना विचारायचं कशाला?

"शरन येनाऱ्याच्या घरात मी पोरगी देत नसतो," असं रामभाऊंनी ठणकावलं होतं. "गोऱ्याच्या चाकराची पोरगी आम्ही करत नसतो," असा जीवनच्या वडिलांचा जबाब होता. इंग्रज आणि जपानी यांचं केव्हाच जमलं. सोनाळ्यात अजून तह व्हायचा होता.

"थांबवा हे!" गर्दीतून जीवनचे वडील पुढे आले. "चौकाले हे नाव लागू देनार नाही!"

रामभाऊ मंचावरून उतरू लागले. दोन्हीकडच्या बाह्या वर सरकल्या. आता एक जरी ठोसा बसला तर योगिनीचं लग्न या जन्मी होणार नव्हतं. तिनं बापाच्या हातातून माईक हिसकला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला.

"आबा, जागे व्हा. खरं सांगा. त्या दिवशी हात कोनं वर केले?"

उकंडरावांनी डोळे किलकिले केले. "दोघायनंही."

त्यांनी गळ्यातले हार बाजूला सारले.

"मी पलटनीतून चुकलो होतो, नथ्थ्या त्याच्या. झुडपातून निघालो, तं समोर बंदूकवाला! म्या घाबरून हात वर केले. पाह्यतो तं त्याचेही वर. मंग तो म्हने, 'उकंड्या, तू काऊन आला बे इकडे?'"

जीवनच्या वडिलांना हसू आवरेना. "आमचा आजा अस्साच बोले हो!" ते म्हणाले आणि त्यांनी बाह्या खाली केल्या.

रामभाऊंचा चेहरा पडला होता. "पन आबा, मंग त्याले कैदी कोनं केलं?"

"कोन करते बाप्पा? चार दिवसाचे उपाशी होतो दोघंही. कोन्या तरी छावनीत जाऊन जेवनं भाग होतं. त्याच्या छावनीत गेलो तं कैदी मी, माह्या छावनीत गेलो तं तो." म्हाताऱ्यानं अंगठ्यानं हवेत टिचकी मारली. "आमी नानं उडवलं. छापा पडला, म्हनून मी जितलो."