बाईंच्या नावाची शिष्यवृत्ती

"चित्रकलेची पदवी घेतलीत, दोन प्रदर्शनं झाली. मग पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायला कशाला जायचं?" चिटणिसांनी विचारलं.

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. उत्तर घरी आरशासमोर घोकलं होतं. आता त्यातला एकही शब्द आठवेना.

टेबलापलीकडे तिघं होते. संस्थेचे चिटणीस, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका आणि टोकाला, ज्यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती त्या बाईंची आई. बाई चित्रकला शिकून प्राथमिक शाळेत आल्या होत्या आणि एकतिसाव्या वर्षी भरवर्गात कोसळून त्यातच गेल्या होत्या. तेव्हापासून दरवर्षी चित्र, गाणं, नाटक शिकलेल्या एकाला शिक्षक व्हायला त्यांच्या नावानं मदत मिळायची.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. निवृत्त झाल्या तरी चष्म्यावरून बघायची सवय गेली नव्हती. त्यांनी नुसतं बघितलं आणि ती खुर्चीत सावरून बसली. सोळा वर्षांपूर्वी बसायची तशीच.

"मी त्या वर्गात होते," ती म्हणाली. "दुसरीत. बाई पडल्या त्या दिवशी."

चिटणिसांचं पेन थांबलं. बाईंच्या आईनं मान वर केली.

इथंच गप्प बसावं, असं तिला वाटलं. एवढ्यावरही शिष्यवृत्ती मिळाली असती. कदाचित एवढ्यावरच मिळाली असती. पण बाईंची आई तिच्याकडे डोळे लावून बसली होती.

"बाई दोनच्या आकड्याचं बदक काढत होत्या. मधेच खाली बसल्या. मला म्हणाल्या, पळ, मोठ्या बाईंना बोलाव. मी पळाले. ऑफिसच्या दारापर्यंत गेले." तिनं मोठ्या बाईंकडे बघितलं. "आणि दार वाजवलं नाही. उभीच राहिले. मला भीती वाटली."

"माझं दार मुलांसाठी कायम उघडं असायचं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बंद होतं, मोठ्या बाई."



"किती वेळ उभी होतीस?" बाईंच्या आईनं विचारलं.

"माहीत नाही. घंटा द्यायला शिपाईकाका आले, त्यांनी विचारलं इथं काय करतेस, तेव्हा सांगितलं. वर्गातली मुलं गप्प बसून होती. मी बोलवायला गेलेय म्हणून."

"डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर." बाईंच्या आईनं वाक्य तिथंच सोडलं. "मी इतकी वर्षं समजत होते, कुणाच्या लक्षातच आलं नाही."

तिला उठून पळून जावंसं वाटलं. कुणीतरी एक दिवस विचारेल, या धास्तीत ती मोठी झाली होती. घरीसुद्धा हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून झालं होतं आणि धास्ती तसूभरही कमी झाली नव्हती.

चिटणीस खाकरले. "ठीक आहे. तुम्ही जरा बाहेर थांबा."

"जाऊ नकोस," बाईंची आई म्हणाली. टेबलाला धरून उठली आणि वळसा घालून तिच्यासमोर आली. "केवढी होतीस तेव्हा?"

"सात वर्षांची."

"वय नाही विचारत. केवढी होतीस, दाखव."

ती उभी राहिली. तळहात आडवा करून तिनं तो कंबरेहून जरा वर धरला. बाईंची आई वाकून त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

चिटणिसांनी पुढच्या उमेदवाराचा अर्ज वर घेतला. ती हात खाली घ्यायला लागली.

"राहू दे तसाच," बाईंची आई म्हणाली. "मला नीट बघू दे."