डावी बाजू

प्रेरणा स्टिअरिंगसमोर बसली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून होती.

"ताई, हा दांडा पुढं ढकलला का ब्रेक," फुलचंद मिस्त्रीने खिडकीतून वाकून दाखवलं. "आपल्याकडं ओढला का रेस. क्लच आपोआप. पायाचं कामच नाई."

गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाची होती. पाय अधू असलेल्या माणसाला चालवता यावी म्हणून फुलचंदने ती बदलून दिली होती आणि नमुना दाखवायला आज थांबवून ठेवली होती.

"समजलं," प्रेरणा म्हणाली. "मले नाई पायजे."

तिचे वडील, मारोतराव, गॅरेजच्या शटरपाशी उभे होते. यवतमाळ डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. दोन वर्षांपूर्वी प्रेरणाच्या स्कूटीला धडक बसली आणि तिचे पाय गेले. तेव्हापासून ते तिला रोज बावीस किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला नेत होते. उचलून गाडीत बसवायचं, शाळेत उतरवायचं, सुटेपर्यंत निंबाखाली थांबायचं. तिची नोकरी मानधनावरची. चार दिवस गेली नाही तर तिच्या जागी दुसरं कोणी उभं राहील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"किती होईन म्हनला?" त्यांनी विचारलं.

"दांडा, क्लच अन् फिरती सीट मिळून पावनेदोन लाख. सीट नाई घेतली तं कमी होईन, काका."

"सीट बी टाक."

"बाबा!" प्रेरणाने दार ढकललं. "रिटायरमेंटचे तेवढेच तं पैसे राह्यले तुमचे. उद्या तुमाले काही झालं, आईले काही झालं, तं काय कराचं? अन् मी सांगून राह्यली न, मले चालवाची नाई. स्टिअरिंग पाह्यलं का ती धडकच दिसते मले. तुमी हाय न मले सोडाले."

मारोतराव तिच्याकडे यायला निघाले आणि डाव्या हाताला ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर त्यांचा पाय आदळला. गुडघ्याएवढा पिवळा डबा. तो आडवा झाला, काळं ऑइल फरशीवर पसरत त्यांच्या चपलेखाली गेलं.

"राहू द्या, काका. होते असं." फुलचंद चिंध्या घेऊन धावला.

"दिसला नाई," मारोतराव म्हणाले. मग गाडीचं दार धरून, मुलीकडे न पाहता बोलले, "संक्रांतीपासून सांगीन सांगीन म्हनून राह्यलो. काचबिंदू हाय मले. समोरचं दिसते, बाजूचं नाई दिसत. डाव्या डोळ्यानं तं लयच कमी. डॉक्टर म्हनते, गेलेली नजर वापस येत नाई. राह्यलेली किती दिवस टिकन, ते बी सांगत नाई. गाडी चालवू नका म्हनते."

प्रेरणा त्या दांड्याकडे पाहत राहिली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"तुमाले दिसत नाई ते. दिवाळी झाल्यावर तो सायकलवाला तुमाले दिसलाच नोता. मी वरडली तवा तुमी ब्रेक मारला. तवापासून मी बोलत राह्यते गाडीत. पाहा बाबा, बैल कसा चालला. पाहा, ती बाई उभी हाय. तुमचं ध्यान डावीकडं जावं म्हनून."

अपघातानंतर पोरगी धड बोलतच नव्हती. दिवाळीनंतर ती गाडीत बोलायला लागली, तेव्हा मारोतरावांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, पोरगी सावरली. तानाबाईने त्या संध्याकाळी शिरा केला होता.

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी गाडी सोडली असती. माही शाळा गेली असती." प्रेरणा म्हणाली. "रस्त्यावर लेकरं राह्यतात, बाबा. मले समजते ते. रोज घरी पोचलो का मी म्हनो, आता बस झालं. अन् सकाळी पुन्हा तुमच्या बाजूले बसो."

मारोतरावांनी मान हलवली. त्यांचंही तेच चाललं होतं. फुलचंदची फरशी पुसून झाली होती, तरी तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

"आमची गाडी आजच ठिवून घे," मारोतराव त्याला म्हणाले. "सगळं टाक."

"काका, वीस दिवस लागतीन. मंग ताईचं लायसन, आरटीओत गाडीची नोंद. दोन-तीन महिने धरून चाला."

"तवपर्यंत?" प्रेरणाने विचारलं. "अन् तवा बी मले जमलं नाई तं?"

फुलचंदने मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी खिशातून चेक काढला आणि बॉनेटवर ठेवून सही केली. प्रेरणा नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

"मी सोडून देतो घरी, अन् गाडी घेऊन येतो इकडं," फुलचंद म्हणाला.

मारोतरावांनी मुलीला उचलून आपल्या गाडीपाशी आणलं. फुलचंदने पुढचं दार उघडलं.

"मले मांगं बसवा," ती म्हणाली.

मग दोघंही मागे बसले. घडी केलेली चाकाची खुर्ची फुलचंदने पुढे, स्वतःच्या शेजारी ठेवली. दुपारचं ऊन काचेवर आलं होतं. प्रेरणाने डोकं मागे टेकून डोळे मिटून घेतले.

चौकात गाडी हळू झाली.

"काका, गावातून घेऊ का बायपासनं?"

मारोतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून जेवढा रस्ता दिसत होता, तेवढा त्यांनी पाहून घेतला.

"तू पाह्य बाप्पा," ते म्हणाले. "तुले दिसते तसं घे."