पात्याचा बाक

बाराही पाती वाकडी होती.

नोबुएने सुरीचं एकेक पातं खिडकीतल्या उजेडात धरलं आणि एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर फिरवली. सगळ्यांना सारखाच बाक होता, डावीकडे, केसभर. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आला नसता. पण असं पातं दगडी चाकावर धरलं की ते एकाच जागी जास्त झिजतं, आणि मग कितीही घासलं तरी माशाचा काप सरळ निघत नाही.

मियाके दारातच उभा होता. तोकुझो लोहाराने घडवलेली पाती नोबुएकडे आणायची, तिने धार लावली की मूठवाल्याकडे पोचवायची, हे काम त्याच्या पेढीचं.

"तोकुझोसानच्या हातात काही फरक वाटतोय का हो?" त्याने विचारलं. "चौऱ्याहत्तरी गाठली त्यांनी. मूठवाला कुरकुरत होता, पातं मुठीत सरळ बसत नाही म्हणून."

"त्याला म्हणावं, आधी मुठीला भोकं सरळ पाड."

मियाके हसला. "तसं काही असलं तर वेळेवर सांगा. दुसरा एक लोहार बघून ठेवलाय मी."

तो गेल्यावर नोबुएने लाकडी ठोकळा पुढे ओढला आणि हातोडी घेतली. मार्चपासून तिचं हेच चाललं होतं. आधी दहातलं एखादं पातं असायचं, मग तीन-चार व्हायला लागली. बाक ठोकून काढायचा, धार लावायची, पुढे पाठवायचं. कुणाला काही बोलायचं नाही.

पहिली दोन सरळ झाली. तिसऱ्याला बारीकसा टिक असा आवाज आला.

तिने ते पातं वर्तमानपत्रात गुंडाळलं, सायकलच्या टोपलीत टाकलं आणि भर जुलैच्या उन्हात तोकुझोच्या भट्टीवर गेली.

तो उंबऱ्यात बसून गार चहा घातलेला भात खात होता. सोबत वांग्याचं लोणचं होतं.

"ये गं. वांगं घे, आजच मुरलंय."

तिने पातं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नुसतं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं आणि तडा गेला होता तिथे बरोबर थांबला.

"माझ्याकडून हे असं गेलं नव्हतं."

"नाही. माझ्या हातून तडकलं. सरळ करताना."

"सरळ कशाला करत होतीस?"

"वाकडं होतं."

तोकुझो उठला. पातं उन्हात धरून त्याने पाहिलं. लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं.

"मला तर सरळ दिसतंय," तो म्हणाला.

"बाराही तशीच होती."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

तो परत खाली बसला. भाताचा वाडगा त्याने हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि तू गपचूप ठोकून काढतेस."

"मियाके दुसरा लोहार शोधतोय, तोकुझोसान. त्याच्या कानावर गेलं असतं तर तुमचं काम..."

"तुझ्या बापाने एकदा माझी एकोणीस पाती परत पाठवली होती," तो म्हणाला. "सोबत चिठ्ठी: सुऱ्या मागवल्या होत्या, विळे नव्हे. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. पण त्या महिन्यात जेवढं शिकलो, तेवढं माझ्या उस्तादाकडे सहा वर्षांत नव्हतो शिकलो."

नोबुए मान खाली घालून बसली.

"एप्रिलमध्ये डॉक्टरकडे गेलो होतो. मोतीबिंदू आहे म्हणाला, दोन्ही डोळ्यांत. काढून टाकू, फार वेळ लागत नाही. मी म्हटलं, गरज काय? माझं एकही पातं परत येत नाहीये." त्याचा आवाज चढला नव्हता. "चार महिने मी वाकडा माल पाठवतोय, आणि मला वाटतंय, डोळे शाबूत आहेत."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच."

त्याने उरलेलं वांगं तोंडात टाकलं आणि सावकाश चावून खाल्लं.

"बाकीची पाती घेऊन ये. भट्टीत टाकून पुन्हा घडवतो, कुणाचे तरी डोळे उसने घेऊन. आणि मियाकेला तूच सांग. मी सांगायला गेलो तर त्याला वाटेल, म्हातारा रडगाणं गातोय."

तिने त्याच संध्याकाळी मियाकेला फोन केला. त्याने किती महिने, एवढंच विचारलं. तिने तेही सांगितलं. त्या आठवड्यात तोकुझोचं अर्धं काम दुसऱ्या लोहाराकडे गेलं. आणि मियाके नोबुएचा माल दारातच उघडून, एकेक पातं उजेडात धरून बघायला लागला. तिच्या बापाच्या काळापासून पेढीवरच्या कुणी असं केलं नव्हतं. त्याचं बघून होईपर्यंत ती हात पुसत उभी राहायची.

सप्टेंबरात तोकुझोच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्याकडून दहा पाती आली. नोबुएने ती दोनदा तपासली. नऊ सरळ होती. दहाव्याला अगदी किंचित बाक होता, हातोडीच्या दोन ठोक्यांत निघाला असता. तिने ते गुंडाळलं आणि सायकल काढली.

तोकुझो भट्टीपाशी होता. त्याने पातं हातात घेतलं, दाराकडे तोंड करून एकदाच पाहिलं आणि "हं" म्हणाला. मग त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"तू म्हातारी झालीस गं, नोबुए," तो म्हणाला, आणि पातं ऐरणीवर ठेवलं.