चार अवघड नावं

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी पठारावर कॅमेरा लावून बसलो होतो. "उद्या धुकं लवकर सरेल, जाऊन या," असं तिनेच सांगितलं होतं.

लहानपणी तिने तिथेच शेळ्या चारल्या होत्या. कोणत्या कड्यावर ऊन कधी पडतं, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

मागे माझ्या फोटोंच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला कुणीतरी विचारलं, "तुमचे गुरू कोण?" मी चार परदेशी फोटोग्राफरांची नावं घेतली. ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

परतताना एसटीत म्हणाली, "केवढी अवघड नावं हो! तुमच्या लक्षात तरी कशी राहतात?"

मी नुसता हसलो. ती नावं मी आदल्या दिवशी पाठ केली होती. त्यांचा एकही फोटो नीट पाहिला नव्हता.

तिला हे सांगायचं राहिलं.