तिसरी बॅटरी

तिसरी बॅटरीही मेली. मोटारसायकल शिकवणाऱ्या बाईंनी गाडी ढकलत गॅरेजच्या दारात आणली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच तोंड सोडलं.

“मिस्त्री, त्या बॅटरीवाल्याची आज मी बिनपाण्यानं करते. तिकडे मैदानात माझ्या शिकाऊ मुली ताटकळल्यात. तुम्ही फक्त एकदा सांगा, माल खोटा आहे ना?”

मिस्त्रींनी याआधी दोनदा तसं सांगितलं होतं. या रस्त्यावर त्यांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. त्यांनी ‘माल खोटा’ म्हटल्यावर समोरच्या बॅटरीवाल्याने हूं की चूं न करता दोनदा नवी लिथियम बॅटरी बदलून दिली होती, आणि तेव्हापासून रिकामटेकडी मंडळी त्याला ‘फुसका’ म्हणायला लागली होती. खोटं कशाला बोला, त्या हसण्यात मिस्त्रीही असायचे.

ते आता तिसऱ्यांदा तोंड उघडणार, एवढ्यात आतून त्यांची लेक मीटर घेऊन आली. बापाच्या हाताखाली शिकूनच ती गॅरेजमध्ये उभी राहिली होती.

“बाबा, थांबा. मला एकदा बघू द्या.”

“त्यात बघायचं काय? चार्जिंग मी स्वतः तपासलंय.”

“तरी बघते.”

तिने सीट काढली, गॅरेजमधली एक चांगली बॅटरी जोडली आणि गाडी चालू केली. मीटरवर चौदा व्होल्ट. मिस्त्रींनी बाईंकडे पाहून भुवया उडवल्या, म्हणजे बघा, काय सांगत होतो. मग लेकीने रेस वाढवली. आकडा चौदाच्या आसपास थांबायला हवा होता. तो पंधरा झाला, सोळा झाला, सोळाच्याही पुढे निघाला. तिने झटकन गाडी बंद केली.

“रेग्युलेटर गेलाय,” ती म्हणाली. “जास्तीचं व्होल्टेज अडवायचं त्याचं काम. तो अडवतच नाही. गाडी हळू चालवली की सगळं गुण्यागोविंदानं, वेग घेतला की बॅटरीवर मार. साधी बॅटरी थोडे दिवस तग धरते, लिथियम नाही धरत.”

“कमाल आहे! तुमच्याकडे चेन बदलायला आणेपर्यंत गाडी अगदी ठणठणीत होती हो,” बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं.

लेकीचा चेहरा मात्र उतरला. ती बापाजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “बाबा, त्या दिवशी टर्मिनल काढून बघितलं होतं?”

टर्मिनल काढून बघणं ही मिस्त्रींची खासियत. इंजिन चालू असतानाच बॅटरीची एक वायर काढायची. गाडी चालूच राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर गडबड. मीटरबिटर काही लागत नाही. गाडी कशासाठीही येवो, ही परीक्षा दिल्याशिवाय तिला सुटका नव्हती. गिऱ्हाइकं डोळे मोठे करून बघायची आणि मिस्त्रींना ते फार आवडायचं.

“बघितलं होतं,” ते म्हणाले. “प्रत्येक गाडीचं बघतो.”

“जुन्या गाड्या सोसायच्या ते. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप कसा धाडकन वाजतो, तसं होतं बाबा. बॅटरी सुटली की सगळा दणका रेग्युलेटरवर...” तिने मीटर बापापुढे धरला.

मिस्त्रींनी तिच्या हातातून मीटर घेतला. स्वतः गाडी चालू केली, स्वतः रेस दिली, स्वतः आकडा पाहिला. त्यांची कानशिलं तापली. सगळा जन्म ज्या हातचलाखीच्या कौतुकात गेला, तिनेच गाडी बिघडवली होती.

बाईंचं या बापलेकीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी बाह्या वर केल्या होत्या. “मग जाऊ ना? मिस्त्रींनीच सांगितलंय म्हणू ना?”

एक होकार पुरला असता. बॅटरीवाल्याने मुकाट्याने चौथी बॅटरी दिली असती, नवा रेग्युलेटर गुपचूप बसला असता आणि मिस्त्रींचं नाव जिथल्या तिथे राहिलं असतं. हे लेकीलाही कळत होतं. ते हो म्हणाले तर आपण काय करायचं, हे मात्र तिचं ठरत नव्हतं.

“चला, मीच येतो,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रस्ता ओलांडला. बाई निघाल्या, मागोमाग लेकही निघाली.

बॅटरीवाल्याच्या दुकानात नेहमीचे दोघे-तिघे टेकलेले होते. मिस्त्रींना येताना पाहूनच बॅटरीवाल्याने न विचारता फळीवरची नवी बॅटरी खाली काढली.

“ठेव ती वर,” मिस्त्री म्हणाले. “तुझा माल चोख आहे. बाईंच्या गाडीचा रेग्युलेटर माझ्या हातानं गेला, आणि त्यानं तुझ्या तिन्ही बॅटऱ्या खाल्ल्या. मी तुला उगाच बदनाम केलं. झालेलं नुकसान माझ्याकडून घे.”

बाईंचं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं. टेकलेल्यांपैकी एकजण उगीचच खोकला. बॅटरीवाल्याने बॅटरी परत फळीवर ठेवली. त्याच्या मनात किती साठलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी त्याने एवढंच विचारलं, “आणि मिस्त्री, तुमची चूक काढली कुणी? इथं आहे कोण असा?”

इतका वेळ मिस्त्री खालच्या आवाजात बोलत होते. आता त्यांनी मान वर केली, मागे उभ्या असलेल्या लेकीला दंडाला धरून पुढे ओढलं आणि पार कोपऱ्यावरच्या न्हाव्यानेही कात्री थांबवावी अशा आवाजात म्हणाले, “हिनं! माझ्या लेकीनं!”